मुरलीधरशेठचे ‘इन ल्यू ऑफ’

एका तालुक्याच्या गावात भांड्यांचे एक दुकान होते आणि त्या दुकानाच्या गादीवर मुरलीधरशेठ डोईजड बसत. आडनाव डोईजड असले तरी माणूस हलकाफुलका होता. गिऱ्हाईक आले की शेठ आधी पाणी विचारत आणि मग भाव सांगत.

गावात लग्न असो, मुंज असो की वास्तुशांत, आहेराचे भांडे शेठच्याच दुकानातून जायचे. भांड्यावर नाव कोरायचे कामही शेठ स्वतः करत. अक्षर असे की आंधळ्याने बोट फिरवून वाचावे. इतक्या वर्षांत एकाही तांब्यावर त्यांची वेलांटी चुकली नव्हती. गादीच्या वर भिंतीला एक पाटी होती: ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी शेठनी वडिलांच्या तसबिरीपेक्षाही उंच लावली होती.

शेठना एकच नाद होता, इंग्रजी शब्दांचा. शाळा लवकर सुटली होती, पण अक्षरओळख पक्की होती. औषधाच्या बाटलीवरचे, बँकेच्या दारावरचे, कुकरच्या खोक्यावरचे शब्द ते पोथीसारखे वाचत. त्यातला एखादा आवडला की दिवसभर तोंडात घोळवत. शब्दाचा अर्थ काय, यापेक्षा तो वाजतो कसा, याकडे त्यांचे लक्ष असे. भांडे घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो ना, तसे. आता छान वाजणाऱ्या भांड्याच्याही तळाला एखादे बारीक छिद्र असू शकते. भांड्यांच्या बाबतीत शेठना हे ठाऊक होते. शब्दांच्या बाबतीत मात्र ते टिचकीवरच थांबत.

त्यांची मुलगी रेवती जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स होती. तिचे लग्न ठरले. मुलगा चांगला होता. मुलाचे वडील, दिगंबर मास्तर कोळपकर, शेजारच्या तालुक्यात मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले होते. माणूस मायाळू, पण शब्दाला सुईसारखा सरळ. बैठकीत त्यांनी एकच अट घातली.

“मांडवात मुलगी हवी आणि नारळ हवा. देणं-घेणं, आहेर-माहेर काही नको. आमच्याकडूनही नाही आणि तुमच्याकडूनही नाही. तिसरी वस्तू दिसली तर आम्ही नारळ घेऊन परत जाऊ.”

“आणि मुलगी?” शेठनी घाबरत विचारले.

“ती तुमच्याकडे राहील.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. तेव्हा शेठना कळले की हा विनोद नव्हता.

घरी आल्यावर शेठची बायको शकुंतलाबाई म्हणाल्या, “बरंच झालं की. नाहीतर लोकांनी आपल्याच दुकानातून भांडी घ्यायची आणि आपल्याच घरी आणून ठेवायची. हमाली तेवढी फुकट.”

शेठनाही अट आवडली. भांडी विकणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आहेर नाही! गाव तोंडात बोट घालील. त्यांनी ठरवले की ही गोष्ट आधी कोणाला सांगायची नाही. लोकांनी ती पत्रिकेतच वाचायची. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, छापलेल्या शब्दाला वजन असते.

इथवर सगळे ठीक होते. पण त्याच महिन्यात कापडवाल्या नेमचंदशेठनी आपल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापली. तिच्या तळाशी ‘आर. एस. व्ही. पी.’ अशी अक्षरे होती. अर्ध्या गावाला वाटले की ती मुलाची पदवी आहे. “पोरगा बराच शिकलाय,” असे म्हणत लोकांनी ती पत्रिका जपून ठेवली. ते ऐकून मुरलीधरशेठची झोप उडाली. मुलगी आपली नर्स, व्याही आपले मुख्याध्यापक, आणि पत्रिका मराठीत?

रेवतीने फोनवरून मजकूर सांगितला होता. नावे, तिथी, मुहूर्त आणि शेवटी एक ओळ: ‘आहेराऐवजी आशीर्वाद द्यावेत.’ शेठनी तो मजकूर समोर ठेवला आणि आठवडी बाजारातून आणलेला जाडजूड शब्दकोश उघडला. नेमचंदशेठच्या पत्रिकेवरून बाकीच्या ओळी जमल्या. उरली शेवटची.

आहेर म्हणजे गिफ्ट्स. आशीर्वाद म्हणजे ब्लेसिंग्ज. हे दोन शब्द झटकन सापडले. ‘ऐवजी’ या शब्दापुढे कोशात तीन पर्याय होते. शेठनी तिघांनाही मनात टिचकी मारली. ‘इन्स्टेड ऑफ’ हा पत्र्यासारखा वाजला. ‘इन प्लेस ऑफ’ ॲल्युमिनियमसारखा. आणि ‘इन ल्यू ऑफ’! तो काशाच्या वाडग्यासारखा घुमला. इन... ल्यू... ऑफ. शेठनी डोळे मिटले.

“काय झालं हो? दाढ दुखतेय का?” शकुंतलाबाईंनी विचारले.

“इन ल्यू ऑफ,” शेठ म्हणाले.

“लेऊ? दागिने लेऊ, तसं?”

“लेऊ नाही, ल्यू. उंची शब्द आहे. वकिलांच्या कागदात असतो.”

“मग वकिलांनाच दाखवा की. निरगुडे वकील रोज दुकानावरून जातात. एकदा त्यांच्या नजरेखालून घाला.”

शेठनी शब्दकोश मिटला. निरगुडे वकिलांना विचारायचे म्हणजे काय? वकील बार रूममध्ये सांगणार, तिथून ते चहाच्या टपरीवर जाणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार की मुरलीधरशेठला चार शब्द लिहिता येत नाहीत.

“एकेक शब्द कोशात बघून लिहिलाय. चुकेल कसा?” ते म्हणाले.

आणि खरोखर एकही शब्द चुकला नव्हता. मराठीत आहेर आधी होता, मध्ये ऐवजी, शेवटी आशीर्वाद. शेठनी त्याच क्रमाने इंग्रजी शब्द मांडले, जसे फळीवर लहान-मोठे डबे ओळीने मांडावेत तसे. झाले: ‘गिफ्ट्स इन ल्यू ऑफ ब्लेसिंग्ज.’

कागद हमीदभाईंच्या छापखान्यात गेला. हमीदभाईंनी अक्षर न् अक्षर जुळवले आणि विचारले, “शेठ, मतलब बराबर आहे ना? हा शब्द मी कधी छापला नाही.”

“म्हणून तर दिलाय,” शेठ म्हणाले.

पत्रिका छापून आल्या. सोनेरी अक्षरे, गुलाबी कागद. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. गणपतीला चौदा विद्या आणि चौसष्ट कला येतात. त्याच्या लक्षात चूक नक्की आली असणार. पण तो काही बोलला नाही. मग पत्रिका गावभर गेल्या. वरपक्षाची पत्रिका वेगळी होती, मराठीत, आणि तीत ‘कृपया आहेर आणू नये’ असे सरळ छापले होते. त्यामुळे मास्तरांच्या हाती शेठची पत्रिका पडायचे कारणच नव्हते. रेवतीने फोनवर “बाबा, पत्रिका कशी झालीय?” असे विचारले, तेव्हा शेठ म्हणाले, “मांडवात बघशील. डोळे दिपतील.”

गावात ज्यांना इंग्रजी येत नव्हते ते पत्रिका घेऊन निरगुडे वकिलांकडे गेले. वकिलांनी चष्मा पुसला आणि ती शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.

“आशीर्वादांऐवजी आहेर,” ते म्हणाले. “म्हणजे आशीर्वाद देऊ नयेत, आहेर द्यावा.”

“असं लिहिलंय?”

“असंच लिहिलंय. मी पदरचं काही घातलेलं नाही.”

लोक थक्क झाले. आहेर हवा असे वाटणारे पुष्कळ असतात. पण ते छापणारा आजवर निघाला नव्हता. “काय पण धीट माणूस!” कोणी म्हणाले. “धीट नाही, धोरणी,” दुसरा म्हणाला. “दुकानातून विकायचं आणि मांडवातून परत घ्यायचं. एकच तांब्या जन्मभर पुरेल.” तोंडावर मात्र कोणी काही बोलले नाही. शेठ सगळ्यांच्या अडीनडीला उधार देत. आणि छापून मागितल्यावर नाही कसे म्हणायचे?

झाले. दुकानात गर्दी लोटली. पातेली गेली, पराती गेल्या, समया गेल्या. शेठ कोरणी हातात घेऊन विचारत, “नाव काय घालू?” गिऱ्हाईक गालात हसून म्हणे, “राहू दे शेठ. ज्याचं त्याला कळेल.” शेठना वाटले, या मुहूर्तावर बरीच लग्ने दिसतात.

एकदा पोस्टमास्तर आले. त्यांनी पाणी तापवायचा तांब्याचा मोठा बंब घेतला आणि म्हणाले, “शेठ, पत्रिका वाचली. अगदी स्पष्ट लिहिलंत.”

“मनात होतं तेच लिहिलं,” शेठ नम्रपणे म्हणाले.

“बाकीचे नुसतं मनात ठेवतात.”

“आपण लपवून काय करायचं? या, मोकळ्या मनानं या.”

“मन मोकळंच आहे,” पोस्टमास्तर बंब उचलत म्हणाले, “हात तेवढे भरलेले असतील.”

ते ऐकून शेठ कौतुकाने हसले. पोस्टमास्तरांना विनोद बरा जमतो, असे त्यांना वाटले.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड अजून जानवसघरातच होते. शेठ मांडवाच्या दारात फेटा बांधून उभे होते. पहिला पाहुणा आला तो रंगीत कागदात गुंडाळलेली परात घेऊन. शेठ म्हणाले, “अहो, हे काय? नको म्हणून कळवलं होतं की!”

“नको कसं? छापलंय ना,” पाहुणा म्हणाला आणि परात ठेवून पुढे गेला.

शेठना वाटले, माणूस भाबडा आहे. मग दुसरा आला. मग तिसरा. मग भिशीमंडळाच्या बायका एक हंडा चौघींनी धरून घेऊन आल्या. पोस्टमास्तर बंब घेऊन आले. हमीदभाईही एक टोप घेऊन आले. शेठनी एकेक भांडे निरखून पाहिले. सगळी भांडी ओळखीची होती. कालपर्यंत ती त्यांच्याच फळीवर बसलेली होती.

“अहो, मास्तर येतील आता!” ते शकुंतलाबाईंच्या कानाशी कुजबुजले. दोघांनी मिळून सगळा ढीग व्यासपीठावर मागच्या कडेला रचला आणि त्यावर सतरंजी टाकली. सतरंजी बंबापर्यंत पुरेना. बंबाची तोटी बाहेर राहिली. शकुंतलाबाईंनी तिच्यावर झेंडूची माळ टाकली. लांबून पाहणाऱ्याला ती एखादी देवता वाटावी. दोन बायकांनी तर तिला नमस्कारही केला.

आतमध्ये दुसराच घोळ चालला होता. शेठची म्हातारी आत्या बयोआत्या ही आशीर्वादांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. तिचा आशीर्वाद सुरू झाला की चहा निवायचा. तिच्या पायाशी रेवती वाकली, तर आत्याने पाय लुगड्यात ओढून घेतले.

“नको गं बाई. तुझ्या बापानं छापून मना केलंय.”

“काय मना केलंय?”

“आशीर्वाद. गावाला वाचून दाखवलं वकिलानं. ऐंशी वर्षं फुकट वाटले, तेव्हा कुणाला जड झाले नाहीत. आता घे, वाटी आणलीय.” आत्याने पिशवीतून एक स्टीलची वाटी काढून तिच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवले. म्हातारीचे डोळे भरून आले होते.

रेवती बापाला शोधत बाहेर येणार, तोच वाजंत्री वाजली. वऱ्हाड दारात आले. मग विचारायला वेळ कुठला? मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरला गेला. भटजींनी गळा साफ करून पहिले मंगलाष्टक म्हटले आणि शेवटी सूर लावला, “शुभमंगल सावधान!”

उजव्या बाजूने, वराकडच्यांकडून, अक्षतांचा पाऊस पडला.

डाव्या बाजूने एक दाणाही पडला नाही.

वधूकडची माणसे अक्षता मुठीत गच्च धरून उभी होती. अक्षता म्हणजे आशीर्वादच की! आणि आशीर्वादाला तर बंदी होती. टाकाव्यात तर यजमानाचा शब्द मोडतो, न टाकाव्यात तर पोरीसाठी जीव तुटतो. लोक एकमेकांकडे पाहत होते. कोणी मूठ खिशात घातली.

भटजींना वाटले, ऐकू गेले नसेल. ते मोठ्याने ओरडले, “सावधान!”

सगळे सावध होते. पण हात कोणाचाच हलला नाही.

वराकडच्या बायका कुजबुजू लागल्या. “मुलीच्याच गावाला लग्न पसंत नाही की काय?” “काहीतरी असणार. त्याशिवाय का गाव असं उभं राहतं?” अंतरपाटाच्या अलीकडे रेवती मान खाली घालून उभी होती. तिच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. शेठनी ते पाहिले आणि काय होते आहे हे न कळताच ते पुढे धावले. धावताना त्यांचा पाय सतरंजीच्या टोकात अडकला.

पुढे जे झाले ते गावाने बरेच दिवस सांगितले. आधी समया गेल्या. मग परातींची चळत गेली. शेवटी झेंडूची माळ घातलेला बंब व्यासपीठावरून कोसळला. त्याचे झाकण निसटले, घरंगळत घरंगळत पाहुण्यांच्या मधून गेले आणि दिगंबर मास्तरांच्या पायापाशी गोल गोल फिरून पालथे पडले.

मास्तरांनी झाकण उचलले.

“व्याहीबुवा,” ते म्हणाले, “हा नारळ दिसत नाही.”

निरगुडे वकील पुढे आले आणि त्यांनी खिशातली गुलाबी पत्रिका मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी चष्मा लावला, पत्रिका वाचली आणि शेवटची ओळ मोठ्याने म्हटली. “गिफ्ट्स इन ल्यू ऑफ ब्लेसिंग्ज. आशीर्वादांऐवजी आहेर.” त्यांचा आवाज खाली आला. “मी तोंडावर अट घातली, तुम्ही हो म्हणालात आणि हे छापलंत?”

त्या क्षणी शेठना सगळे कळले. दुकानातली गर्दी कळली, पोस्टमास्तरांचा विनोद कळला, आत्याची वाटी कळली. आणि त्याच क्षणी जिभेच्या टोकावर एक वाक्य येऊन बसले: छापखान्याची चूक!

किती सोपे होते. गावात काहीही उलटे झाले की लोक छापखान्यालाच बोल लावत. मागे एका पत्रिकेत सासऱ्याच्या जागी जावयाचे नाव पडले होते, तेही घरच्यांनीच चुकीचे लिहून दिले होते, पण बोलणी हमीदभाईंनी खाल्ली. शेठनी गर्दीत पाहिले. हमीदभाई टोप छातीशी धरून उभे होते. त्यांनी शेठच्या चेहऱ्याकडे पाहिले, पुढे काय येणार ते ओळखले आणि सवयीने मान खाली घातली. ते नाही म्हणणार नव्हते. पोरीच्या लग्नासाठी त्यांनी तेवढे सोसले असते.

मुहूर्त सरत होता. वरपक्षाची दोन माणसे चपला शोधू लागली होती. रेवती अंतरपाटाआडून बापाकडे पाहत होती.

“छापखा...” शेठनी सुरुवात केली. हा शब्द त्यांना कसा वाजला कोण जाणे. फुटक्या मडक्यासारखा वाजला असावा.

“छापखान्यानं बरोबर छापलं,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. अक्षर न् अक्षर मी लिहून दिलं. मला लिहायचं होतं की आहेर नको, आशीर्वाद द्या. शब्द ओळीनं मांडले आणि अर्थ उलटा झाला.”

“कोणाला दाखवलं नाही?” मास्तरांनी विचारले.

“नाही. हमीदभाईंनी विचारलं होतं, मी उडवून लावलं. ही म्हणाली, वकिलांना दाखवा. वकील रोज दारावरून जातात.” शेठनी फेटा काढून हातात घेतला. “पण विचारलं तर मला येत नाही हे चारचौघांत कळलं असतं. म्हणून नाही विचारलं. आता चारशे जणांत कळलं.”

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. मग लगेच गप्प झाले, कारण मास्तर अजून पत्रिकेकडे पाहत होते. त्यांनी ती उन्हाकडे धरली, जशी उत्तरपत्रिका धरावी तशी.

“शुद्धलेखन अचूक आहे,” ते म्हणाले. “शब्दही खरे आहेत. पण मराठीत जे नको असतं ते ‘ऐवजी’च्या आधी बसतं. इंग्रजीत जे नको ते ‘इन ल्यू ऑफ’च्या नंतर बसतं. तुम्ही पाहुण्याला यजमानाच्या पाटावर बसवलंत आणि यजमानाला दाराबाहेर काढलंत.”

“पास की नापास, ते सांगा मास्तर,” पोस्टमास्तर मागून म्हणाले. “मुहूर्त चाललाय.”

“माझ्या वर्गात,” मास्तर म्हणाले, “जो मुलगा चूक शेजाऱ्यावर ढकलायचा त्याला मी बाकावर उभं करायचो. जो कबूल करायचा त्याला पाटी पुसून पुन्हा लिहायला द्यायचो. व्याहीबुवा, पुन्हा लिहा. तोंडीच. आणि तुमच्या मनात येतं त्या भाषेत.”

मुरलीधरशेठनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला, पण त्यांना ते कळले नाही. ते गावाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

“माझ्या लेकीला आहेराऐवजी आशीर्वाद द्या.”

“मग आधी नाही का सांगायचं, मेल्या!” असे म्हणत बयोआत्याने पहिली मूठ उघडली. पाठोपाठ डाव्या बाजूच्या सगळ्या मुठी उघडल्या. इतका वेळ दाबून धरलेल्या अक्षता अशा जोराने आल्या की भटजींनी पंचांगाने तोंड झाकले. घामाने काही अक्षतांचा भात व्हायला आला होता, त्याही लोकांनी नेम धरून टाकल्या. अंतरपाट दूर झाला. माळा पडल्या. बयोआत्याने अडवून ठेवलेले आशीर्वाद एका दमात सोडले, त्यात अष्टपुत्राही आले. नर्स असलेली रेवती हळूच म्हणाली, “आत्याआजी, दोनच पुरेत.”

“बरं, दोन,” आत्या म्हणाली. “बाकीचे सहा शेजारी वाट.” आणि तिने आपली वाटी परत पिशवीत टाकली.

राहता राहिली ती भांडी. मास्तर म्हणाले, “यातलं एकही माझ्या घरी येणार नाही.” शेठ म्हणाले, “माझ्याही घरी नाही. ज्यानं त्यानं आपलं घेऊन जावं.” तेव्हा पोस्टमास्तरांनी खाली पडलेल्या बंबाला नीट उभे केले आणि विचारले, “शेठ, मी घेऊन जातो हो. पण आमच्या घरी नळाला गरम पाणी येतं. मी या बंबाचं करू काय? तुमच्या गादीवर तर माल परत न घेण्याची पाटी आहे!”

सगळा मांडव शेठकडे पाहू लागला. वडिलांच्या तसबिरीपेक्षा उंच लावलेली ती पाटी शेठना डोळ्यांपुढे दिसली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बाहेर रांग लागली होती. बंब, हंडे, पराती डोक्यावर घेऊन अर्धे गाव उभे होते. शेठ स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रंगाने नवी ओळ लिहिली. पण टांगण्याआधी ते पाटी काखेत मारून भर रस्त्यातून निरगुडे वकिलांच्या घरी गेले. वाटेत जो भेटला त्याला त्यांनी आपण होऊन सांगितले, “एक ओळ लिहिलीय. वकिलांना दाखवायला चाललोय.”

वकिलांनी पाटी वाचली: ‘मालाऐवजी पैसे परत मिळतील.’

“शेठ, ही तर मराठी आहे,” वकील म्हणाले. “मला कशाला दाखवता?”

“बघा तरी, साहेब. माल परत घेऊन पैसे द्यायचेत. पैसे घेऊन माल द्यायचा असं तर होत नाही ना?”

“नाही. सुलटं आहे.”

“मग ठीक,” शेठ म्हणाले आणि पाटी घेऊन निघाले. दारात थांबून ते मागे वळले. “आणि साहेब, ते आर. एस. व्ही. पी. म्हणजे काय हो?”

“येणार की नाही ते कळवा, एवढंच,” वकिलांनी सांगितले. मुरलीधरशेठ खो खो हसले. हसत हसतच ते नेमचंदशेठच्या कापडाच्या दुकानापर्यंत गेले. तिथे आत जाऊन त्यांनी नेमचंदशेठनाही ते समजावून सांगितले. कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हते, आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

तात्पर्य: परक्या शब्दाला टिचकी मारून तो विकत घेऊ नये, आत पाणी भरून बघावे. विचारणाऱ्याचे अज्ञान एकाला कळते, न विचारणाऱ्याचे अख्ख्या मांडवाला. आणि शब्द चुकलाच, तर दोष छापखान्याला न देता आपला म्हणावा, म्हणजे उलटलेला अर्थही सुलटा होतो.